घरकर्जावरचं सरकारी अनुदान हातात पडेपर्यंत

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये घरकर्जाच्या व्याजावर जास्तीत जास्त १.८० लाख रुपये अनुदान मिळतं. पण ते पाच वार्षिक हप्त्यांत, थेट कर्जखात्यात येतं. त्यामुळे डाउन पेमेंट, मुद्रांक शुल्क, नोंदणी यांची सोय स्वतःच करायची. बिल्डरचा माणूस काहीही सांगो.

आधी मर्यादा तपासा: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं यांपैकी कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. गावचं वडिलोपार्जित घर तुमच्या नावावर असेल तर अर्ज अडतो, हे अनेकांना उशिरा कळतं.

कर्ज देणारी बँक योजनेत आहे का, हे मंजुरीआधीच विचारा. सगळ्यांच्या आधारवरची नावं करारनाम्याशी अक्षरशः जुळवून घ्या. लग्नानंतर बदललेलं आडनाव इथे हमखास घोळ घालतं. ते आधी आधार केंद्रावर दुरुस्त करा, मगच अर्ज भरा.

आणि बोनस आला म्हणून कर्ज घाईने फेडू नका. अनुदानाचा हप्ता जमा होताना कर्ज चालू आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावं लागतं. नाहीतर पुढचे हप्ते हातचे जातात.