जुन्या सोलर बॅटरीला उन्हाळ्यात पाणी कसं द्यावं

पारा ४५ अंशांवर गेला की चार-पाच वर्षं जुनी ट्युब्युलर (नळीसारख्या प्लेटांची, पाणी घालावं लागणारी) बॅटरी झपाट्यानं पाणी पिते. एप्रिल-मेमध्ये दर १५ दिवसांनी झाकणं उघडून पाहा; हातमोजे आणि चष्मा घालूनच. भरायचं फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं नको, खारपाणपट्ट्यातलं तर मुळीच नको. त्यातले क्षार प्लेटा कायमच्या खराब करतात. वरून ॲसिडही घालू नका. उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

पाणी बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर, दुपारनंतर द्या. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये पातळी चढून ॲसिड बाहेर सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र थांबू नका, त्या बुडतील एवढंच आधी घाला.

दुसऱ्या दिवशी पूर्ण चार्जनंतर हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावा. बाकी सेल (बॅटरीतले कप्पे) १.२४ ला आणि एखादाच १.२० ला अडकला असेल, तर माहितीपत्रकातल्या व्होल्टेजवर इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे करायला मुद्दाम दिलेलं जास्तीचं चार्जिंग) द्या. त्या वेळी १२ व्होल्टचे दिवे-पंखे काढलेले, खिडकी उघडी, चूल लांब हवी, कारण हायड्रोजन सुटतो. तरीही सेल वर आला नाही तर बॅटरी गेली समजा. पण जुन्यांच्या जोडीला एकच नवी लावू नका, जुन्या तिलाही लवकर संपवतात.