डोक्याच्या गंभीर दुखापतीनंतर अमँटाडीन देताना

शुद्ध अर्धवट असलेल्या रुग्णाला अमँटाडीनने जाग येण्यास वेग मिळतो, हे 2012 च्या 184 रुग्णांच्या चाचणीत दिसले. औषध दुखापतीनंतर 4 ते 16 आठवड्यांत सुरू केले होते. डोस 100 मिग्रॅ दिवसातून दोनदा, 14 दिवस. सुधारणा अपुरी असल्यास तिसऱ्या आठवड्यात 150, चौथ्यात 200 मिग्रॅ दोनदा. डोस वाढवणे डॉक्टरांचेच काम.

पहिला डोस सकाळी, दुसरा दुपारच्या जेवणाला. संध्याकाळी दिला तर झोप उडते, आणि या मेंदूला झोप फार हवी असते.

सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासाच. औषध मूत्रपिंडातून बाहेर पडते. मूत्रपिंड कमजोर असेल तर औषध साठून भ्रम, भास होतात. फिट येऊन गेली असल्यास आधी सांगा. पायांना सूज किंवा त्वचेवर जांभळी जाळी दिसली तर कळवा. एकदम बंद करू नका.

सर्दीची गोळी मनाने देऊ नका: बऱ्याच गोळ्यांतले क्लोरफेनिरामिन गुंगी आणते. रोज एकाच वेळी नोंद ठेवा: नजर वळते का, सांगितल्यावर बोट हलते का.