रोपांना ओल पुरवणारी मातीची सच्छिद्र वात

मराठवाड्यातील काळी माती हाताशी असली, तरी बाटलीतले पाणी रोपाच्या मुळांपर्यंत हळूहळू पोचवणाऱ्या वाती तिच्याच वळण्याचा मोह टाळावा. ती सुकताना फार आकसून तडकते, आणि तिच्यातील चुनखडीचे बारीक खडे भाजल्यानंतर हवेतील ओल शोषून फुगतात व टवके उडवतात. त्यापेक्षा कुंभाराकडून मळलेली माती आणावी आणि तिच्या तीन वाट्यांत चाळलेला लाकडाचा भुसा एक वाटी मिसळावा. भाजताना भुसा जळून जातो व त्याच्या जागी उरलेल्या छिद्रांतून पाणी केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांत आपोआप ओढले जाऊन, सरकते. भुसा जाड राहिला तर छिद्रे मोठी होऊन वात ठिसूळ होते, म्हणून चाळणीचा कंटाळा करू नये.

बोटाएवढ्या जाड वाती वळून आठवडाभर सावलीत वाळवाव्यात आणि कुंभाराच्या आव्यात (भट्टीत) मडक्यांसोबत भाजून घ्याव्यात. कच्ची राहिलेली वात पाण्यात विरघळते, तर अति भाजलेलीची छिद्रे मिटतात. माझ्या मते पहिल्या खेपेला दहा-बारा वाती कराव्यात, कारण काही फुटणारच.

वातीचे टोक रंगीत पाण्यात उभे करून रंग किती वेळात वर चढतो ते पाहावे, आणि चांगली उतरलेली वात बाटलीच्या तळाच्या भोकात मेणाने घट्ट बसवून मुळाजवळ पुरावी. झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र ठेवावे. बोअरच्या जड (क्षारयुक्त) पाण्याने वातीवर पांढरा थर साचल्यास ती व्हिनेगरमध्ये भिजवून घासावी व स्वच्छ धुवावी.