नवतप्यात पीएस५ कसा सांभाळायचा (नागपूरवाल्यांसाठी)

एप्रिल लागला का पोट्टे सुरू होतात, भाऊ पीएस५ (सोनीचा गेम खेळायचा डबा, म्हणजे कन्सोल) गरम होऊन राहिला, मागून टेबल फॅन लावू का, उभा ठेवू का आडवा, खोलून पेस्ट (चिपची गरमी पुढं जायसाठी तिच्यावर लावतात ती) बदलवू का. दरवेळी एकेकाला सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी डब्याच्या आत काय चाललं आहे ते पाहा, ते समजलं का बाकीचं आपोआप सुचते. एएमडीची एकच चिप आहे, तिच्यातच सीपीयू (मशीनचा मेंदू) अन् जीपीयू (स्क्रीनवरचं चित्र काढणारा) दोन्ही. सीपीयू ८ कोरचा, ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत पळतो, जीपीयू २.२३ पर्यंत. एवढं सगळं काम पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत चालते, म्हणजे गरमी पण तेवढ्याच जागेतून निघते, अन् ती बाहेर फेकायसाठीच बाकीचा डबा आहे. २०२० मध्ये मशीन बाजारात यायच्या आधी सोनीच्या यासुहिरो ओतोरीनं कॅमेऱ्यासमोर पूर्ण खोलून दाखवला होता, त्यात दिसते ना, आत निम्मा तर हीटसिंकच (गरमी ओढून हवेत सोडणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) आहे, १२० मिलिमीटरचा पंखा, तोही ४५ मिलिमीटर जाड, अन् चिप आणि हीटसिंकच्या मध्ये नेहमीची पेस्ट नाही तर लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू. पहिला मॉडेल साडेचार किलोचा निघाला तेव्हा सगळे हसले, हा काय कूलर आहे का म्हणून. हाव ना, एका अर्थी कूलरच आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. सोबतच्या कागदात चालवायचं तापमान लिहिलं आहे ५ ते ३५ डिग्री. अन् आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ झालं होतं! पंखा कितीही फिरू द्या, तो खोलीतलीच हवा आत घेतो, खोली १० डिग्री जास्त गरम तर चिप पण साधारण तेवढीच जास्त गरम. म्हणून मागून टेबल फॅन लावणाऱ्यांनो, गरम हवाच जोरात मारून काय होणार बाप्पा. आधी खोली थंड करा.

एसी असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर आपला कूलर आहेच, अन् कूलरच्या हवेनं मशीन खराब होते हे अर्धंच खरं आहे. मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी असते का ताट्या ओल्या असल्या तरी खोलीत पाणी सुटत नाही, फक्त समोरची खिडकी उघडी पाहिजे, नाहीतर दमटपणा आतच साचतो. चूक होते ती कूलरच्या तोंडासमोर कन्सोल ठेवण्यात. पंप जास्त पाणी टाकत असला का बारीक तुषार उडतात, अन् बोअरचं पाणी असेल तर ते वाळून पांढरी भुकटी राहते, ताट्यांवर जमते तशीच. ती पंख्यात गेलेली बरी नाही. कन्सोल कूलरच्या बाजूला ठेवा, धारेत नको. अन् पाऊस सुरू झाला, अंग चिपचिप करायला लागलं का कूलरचं पाणी बंद, नुसता पंखा.

जागेचं सांगतो, कारण इथं मी स्वतः माती खाल्ली आहे. मागच्या मे मध्ये टीव्ही युनिटच्या काचेच्या दाराआड ठेवला होता, आईचं म्हणणं धूळ बसत नाही अन् दिसते पण छान. अर्ध्या तासात स्क्रीनवर सूचना, मशीन फार गरम झालं, बंद करा. होणारच ना, पीएस५ पुढच्या बाजूच्या फटींतून हवा ओढतो अन् मागून सोडतो, दार बंद असलं का मागची गरम हवा फिरून पुन्हा पुढून आत. आता उघड्या टेबलावर आहे, मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडून (१० सेंटिमीटर तरी पाहिजेच), खाली सतरंजी नाही. उभा किंवा आडवा, दोन्ही चालते, स्टँड मात्र नीट लावा. तपासायचं असेल तर खेळताना मागे हात धरा, गरम हवा जोरात लागून राहिली तर सगळं ठीक, ती बाहेर येऊन राहिली ना. हवा नाही अन् डबाच तापला, तर काहीतरी तुंबलं आहे.

तुंबते ते धुळीनं. ज्याच्या गल्लीत सिमेंट रोडचं काम चालू आहे त्याला वेगळं सांगायला नको, त्यानं दोन महिन्यात एकदा तरी साफ करावा. पूर्ण बंद करा, रेस्ट मोड (अर्धवट झोपलेला, आतून चालूच) नाही, वायर काढा, थंड होऊ द्या. पहिल्या मॉडेलची पांढरी प्लेट कोपऱ्यातून जरा उचलून सरकवायची, स्लिमला (नंतर आलेला लहान मॉडेल) दोन्ही बाजूनं दोन-दोन प्लेटा आहेत त्या ओढून निघतात, कट्ट असा आवाज येतो, घाबरू नका. पहिल्या मॉडेलमध्ये आत दोन भोकं दिसतील, ती सोनीनं धूळ गोळा व्हायसाठीच ठेवली आहेत, तिथं व्हॅक्यूम क्लीनरचा बारीक नळा लावून ओढून घ्या. पंख्यावरची धूळ मऊ ब्रशनं काढा. ब्लोअर मारू नका, धूळ उडून हीटसिंकच्या पात्यांत फसते, अन् मारायचाच असेल तर पंखा बोटानं धरून ठेवा, भन्नाट फिरवला का बेअरिंग जाते.

बस, इथपर्यंतच. याच्या पुढं खोलायचं नाही! पीएस४ ला पेस्ट वाळली का बदलवतात, ते काम सीताबर्डीच्या बाजारात कोणीही करून देते, पण लिक्विड मेटलमधून करंट जातो, एक थेंब बोर्डावर सांडला का बोर्ड शॉर्ट, शिवाय अॅल्युमिनिअम खाते ते. माझ्या एका मित्रानं दुकानवाल्यानं "साधी पेस्ट मारून देतो ना भाऊ" म्हटलं म्हणून दिला, वापस आला तो बोलायलाच तयार नाही (मशीन, मित्र तर बोलूनच राहिला आहे).

गेम ठेवायला जास्तीची एसएसडी (स्टोरेजची पट्टी) टाकत असाल तर हीटसिंकसकट जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत पाहिजे, नाहीतर झाकण बसत नाही. अन् हीटसिंकशिवाय टाकू नका, उन्हाळ्यात तर नकोच.

लाइटचं पण पाहा. गेम सेव्ह होताना किंवा अपडेट चालू असताना लाइट गेली तर डेटा खराब होऊ शकतो, म्हणून टीव्ही अन् कन्सोल दोन्ही ओढेल असा यूपीएस घ्या, सेव्ह करून बंद करण्याएवढा वेळ मिळाला का झालं. इन्व्हर्टरवर असेल तर साइन वेव्हवाला पाहिजे, अन् मागचं बटण यूपीएस मोडवर. मे-जूनमध्ये संध्याकाळी वादळ उठलं, विजा कडाडल्या का नुसता प्लग नाही, टीव्हीला जाणारी एचडीएमआय वायर पण काढा.

राहिलं झुरळ. त्याला रात्रीची गरम जागा आवडते अन् रेस्ट मोडमधला डबा त्याच्यासाठी हॉटेलच आहे. टेबलावर तर्री-पोहे खात खेळू नका, अन् किचनच्या भिंतीला लागून ठेवू नका.