‘फॉलोअप झाला का?’ हा प्रश्न आधी बंद करा

सेल्सची टीम नुकतीच तुमच्या हातात आली आहे. त्यात एक जण असा आहे की पहिली मीटिंग झकास करतो, कोटेशन त्याच दिवशी पाठवतो आणि मग त्या ग्राहकाचं नावही काढत नाही. महिनाअखेरीला विचारलं की उत्तर ठरलेलं, "ते कळवतो म्हणालेत." लीड (संभाव्य ग्राहक), पाइपलाइन (चालू सौद्यांची यादी), सीआरएम (ग्राहकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) हे तुम्हाला माहीत आहेच, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. ज्या एका ठिकाणी नवे मॅनेजर हमखास अडकतात, तिथूनच सुरुवात करू.

तुम्ही त्याला रोज विचारता, "फॉलोअप झाला का?" या प्रश्नाचं उत्तर एकच येतं, "हो, झाला." या एका ‘हो’खाली किती गोष्टी मावतात बघा. फोन लावला पण उचलला नाही. व्हॉट्सॲपवर ‘एनी अपडेट सर?’ टाकलं. ऑपरेटरकडे निरोप ठेवला. ईमेल पुन्हा फॉरवर्ड केला. किंवा आत्ता जेवण झाल्यावर करणारच आहे. त्याच्या दृष्टीने हे सगळं ‘हो’च आहे, म्हणजे तो सरळसरळ खोटंही बोलत नसतो. तुम्ही मात्र ते उत्तर धरून ती ऑर्डर या महिन्याच्या अंदाजात टाकता आणि वर कळवता. पुढच्या महिन्यात ती सरकते, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. आता खरं सांगायचं तर त्याला आधीचे तीन ‘हो’ मागे घ्यावे लागतील, म्हणून तो गप्प बसतो. खोटं बोलण्याची वाट तुमच्या प्रश्नानेच तयार केलेली असते.

मग आवाज चढतो. दिवसातून दोनदा विचारणं सुरू होतं, टीमच्या ग्रुपवर सगळ्यांदेखत नाव घेऊन विचारणं सुरू होतं. त्याने होतं एवढंच, की तो ग्राहकाऐवजी तुम्हाला सांभाळायला शिकतो. ‘रोज २० फॉलोअप कॉल’ हे टार्गेटही त्याच जातीचं. २० आकडा भरायला तो ओळखीच्या, गोड बोलणाऱ्या जुन्या ग्राहकांना फोन करतो. जिथे दरावरून घोडं अडलंय तो फोन एकविसावा असतो, आणि तो कधीच लागत नाही.

त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. ग्राहक शेवटचं नक्की काय म्हणाला, त्याच्या शब्दांत? आता चेंडू कोणाकडे आहे, आपल्याकडे की त्यांच्याकडे? आणि पुढच्या बोलण्याची तारीख ग्राहकाला माहीत आहे का? तिसऱ्या प्रश्नावर अडून राहा. फक्त आपल्या डायरीत लिहिलेली तारीख ही इच्छा असते. ग्राहकाने "बरं, गुरुवारी चारला बोलू" म्हटलं असेल तरच ती भेट ठरलेली असते, आणि मग फोन करायला संकोच वाटत नाही. पाठपुरावा बहुतेक वेळा आधीच्या मीटिंगच्या शेवटच्या दोन मिनिटांतच बुडालेला असतो: सगळे उठले, हात मिळवले, "बोलू मग" झालं आणि तारीख ठरलीच नाही. चार दिवसांनी फोन करायचा तर कोणत्या निमित्ताने, हे त्या पोराला खरंच कळत नाही.

सीआरएममधली नोंद कशी दिसते तेही पाहा. ‘बोलणं झालं. क्लायंट इंटरेस्टेड. विचार करून सांगतो म्हणाले.’ या नोंदीवरून पुढे काहीही करता येत नाही. आता ही वाचा: ‘कोटेशन मिळालं. दर चालेल म्हणाले. वॉरंटीत सुटे भाग येतात का, याची शंका. निर्णय खरेदी विभागाचा, त्यांची बैठक शुक्रवारी. बुधवारी वॉरंटीचं पत्र पाठवून गुरुवारी ४ ला फोन, त्यांना सांगितलंय.’ दुसरी नोंद लिहायला फार तर दीड मिनिट जास्त लागतं, पण तो उद्या रजेवर गेला तरी काम अडत नाही.

त्याच्याशी बोलण्याआधी स्वतः कागद बघा. उघडी असलेली १० कोटेशन्स काढा, ती त्याला निवडू देऊ नका. प्रत्येकावर शेवटच्या बोलण्याची तारीख, पुढची तारीख आणि निर्णय घेणाऱ्याचं नाव आहे का ते तपासा. नोंदींची वेळ जरूर पाहा. आठवडाभराच्या सगळ्या नोंदी शनिवारी संध्याकाळी १५ मिनिटांत भरलेल्या असतील, तर त्या आठवणीतून लिहिलेल्या आहेत. एकच वाक्य सात ग्राहकांपुढे चिकटवलेलं असेल तर ते लगेच डोळ्यात भरतं. मग त्यातल्या दोन-तीन ग्राहकांना तुम्ही फोन करा, पण जपून. "कोटेशन मिळालं ना, काही शंका राहिली का?" एवढंच विचारायचं. "आमच्या माणसाने फोन केला होता का?" हे ग्राहकाला कधीही विचारू नका. त्या एका वाक्याने त्या माणसाची तिथली पत कायमची जाते आणि कंपनीचीही.

बोलायचं ते एकांतात, ठरवून, अर्धा तास काढून. "तुझा फॉलोअप कमी पडतो" अशी सुरुवात केलीत तर तो लगेच बचावावर जाईल. तीन ग्राहकांची नावं समोर ठेवा आणि विचारा, "या तिघांकडे नेमकं कुठे अडलं?" मग थांबा. शांतता खुपेल, पण तुम्ही मध्ये बोलू नका. हातचं काम चोख असलेला माणूस गेल्या महिना-दोन महिन्यांतच ढिला पडला असेल, तर आधी घरचं, तब्येतीचं विचारा. तिथे शिस्तीचा विषय काढणं अन्याय आहे.

एरवी कारणं साधारण ठरलेली असतात, आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे.

सगळ्यात जास्त आढळतं ते भय. ‘नाही’ ऐकण्याचं, किंवा ‘डिलिव्हरी लांबली’ हे सांगण्याचं. अशा माणसाला ‘धीट हो’ म्हणून काही होत नाही. त्याला फोनवर बोलायला काहीतरी द्या. ‘सहज फॉलोअपसाठी फोन केला’ हे वाक्य टीममधून हद्दपार करा. प्रत्येक फोनला हातात एक वस्तू हवी: शंकेचं उत्तर, नमुना, माल कधी निघेल ती तारीख, दर कधीपर्यंत चालेल ते. पहिले पाच अवघड फोन तो तुमच्या शेजारी बसून करेल. फोन त्यानेच करायचा, तुम्ही ऐकायचं. तुम्ही रिसीव्हर घेतलात की तो ग्राहक तुमचा झाला असं समजा.

दुसरं कारण वेळ, आणि इथे मॅनेजर लोक हिशेब न करताच ओरडतात. एका माणसाकडे १५० उघड्या लीड्स आहेत आणि प्रत्येकीशी चार दिवसांतून एकदा बोलायचं, तर रोज ३७–३८ जणांशी संपर्क आला. फोन, ईमेल आणि नोंद धरून ८ मिनिटं मोजा. रोजचे पाच तास झाले, मीटिंग आणि प्रवास वेगळाच. हे कोणालाही जमणार नाही. तीच यादी ६० वर आणली तर रोज १५ संपर्क, दोन तास. म्हणून आधी यादी छाटा. तीन महिन्यांत ज्याने एकाही निरोपाला उत्तर दिलं नाही, त्याला सभ्य शब्दांत ‘सध्या फाइल बंद करतो, गरज पडली तर जरूर कळवा’ असं लिहून बाजूला काढा. गंमत म्हणजे या निरोपाला बरेचदा उत्तर येतं. ज्याने फोन नको म्हटलं आहे, त्याचं नाव त्याच दिवशी यादीतून गेलं पाहिजे.

तिसरं, इन्सेंटिव्हचं गणित. सगळा पैसा नव्या ग्राहकावर असेल तर माणूस नव्याकडेच धावणार. त्याला दोष देण्याआधी योजना वाचा.

आणि चौथं कारण तुम्ही स्वतः असू शकता. ग्राहकाने सवलत मागितली, तुमच्या माणसाने मंजुरीसाठी तुम्हाला ईमेल केला, तो तुमच्या इनबॉक्समध्ये चार दिवस पडून आहे. तो फोन करणार तरी काय सांगायला? वर काढलेल्या १० कोटेशन्सपैकी किती तुमच्या मंजुरीसाठी थांबलीत, ते त्याच्यासमोर मोजा. असतील तर त्याच्यासमोर कबूल करा. मंजुरी २४ तासांत देईन असा शब्द द्या आणि पाळा. त्याच्याकडून तारखा मागण्याचा अधिकार तिथून येतो.

कोटेशननंतरचा साधा क्रम असा ठेवा: त्याच दिवशी मिळाल्याची खात्री, दुसऱ्या कामाच्या दिवशी शंका विचारणं, मग पाचव्या आणि दहाव्या दिवशी काहीतरी नवीन हातात घेऊन, आणि एकविसाव्या दिवशी ‘पुढे जायचं की थांबायचं’ हा सरळ प्रश्न. मोठ्या मशिनरीच्या सौद्यात हे अंतर वाढेल, रोजच्या मालात कमी होईल. मात्र ग्राहकाने स्वतः दिलेली तारीख असेल, तर हा सगळा क्रम तिच्यापुढे रद्द.

आपोआप जाणारे रिमाइंडर ईमेल लावून प्रश्न सुटेल असं कोणी सुचवेल. माझ्या मते कोटेशन गेल्यानंतर ते वापरूच नयेत. शंका विचारणाऱ्या ग्राहकाला ठोकळेबाज ईमेल गेला की आपल्याकडे कोणी ऐकत नाही हे त्याला कळतं. ‘टीममधल्या स्टारसोबत बसव’ हा सल्लाही बहुतेकदा फुकट जातो. स्टारच्या डोक्यात सगळं असतं, कागदावर काही नसतं, आणि शिकणारा त्याच्याकडून फक्त आत्मविश्वासाची ढब उचलतो. आकड्यांत मधल्या फळीतला, पण डायरी नेटकी असलेला माणूस शोधा. किंवा आफ्टर-सेल्समधला, म्हणजे विक्रीनंतरची सेवा बघणारा कोणीतरी. दिलेल्या तारखेला फोन नाही केला तर काय ऐकावं लागतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

सुधारायला ३० दिवस द्या. पहिला आठवडा रोज सकाळी १५ मिनिटं एकत्र बसून त्या दिवसाचे फोन ठरवा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड, चौथ्यात एकदाच. फोनसाठी सकाळचा पाऊण तास राखून ठेवा आणि त्या वेळेत तुम्हीही त्याला कशासाठी हाक मारू नका. या महिन्यात ऑर्डर मोजू नका, त्या मागाहून येतात. पुढची तारीख ग्राहकाला माहीत असलेली कोटेशन्स दहापैकी किती, एवढंच मोजा. दोनवरून सातवर आली तर माणूस रुळावर आला आहे, धीर सोडू नका.

पहिल्या दिवशी जे ठरलं ते त्याच संध्याकाळी ईमेलने लिहून द्या: काय करायचं, किती, कधीपर्यंत. हे टाळू नका. ३० दिवसांनंतरही आकडा दोनवरच असेल आणि नोंदी पुन्हा एकगठ्ठा भरलेल्या असतील, तर एचआरला बरोबर घेऊन कंपनीच्या नियमाप्रमाणे लेखी ताकीद द्या आणि लीड्स दुसऱ्याकडे वळवा. तोंडी सहा महिने कुरकुरत राहून सातव्या महिन्यात अचानक काढून टाकणं हे त्याच्यावरही वाईट आणि टीमवरही.

आता राहिले ते ग्राहक, ज्यांना कोणी विचारलंच नव्हतं. त्यांना फोन तुम्ही करायचा नाही, त्यानेच करायचा. कारणं सांगायची नाहीत, कामाचा ताण, सिस्टिम बंद, काहीच नाही. "तुम्हाला मागच्या महिन्यात फोन करायचा होता, माझ्याकडून राहिला. तुमची वॉरंटीची शंका मी आज लेखी पाठवतोय. ती पाहून गुरुवारी चारला पाच मिनिटं बोलता येईल का?" काही जण चिडतील, काही दुसरीकडून माल घेऊन मोकळे झाले असतील. त्यांनी तसं सांगितलं तर धन्यवाद म्हणून ते कोटेशन ‘हरलेलं’ म्हणून बंद करायचं, कारणासकट. बाकीच्यांपुढे गुरुवार, ४ वाजता, असं त्याने फोन ठेवण्याआधीच लिहिलेलं असावं.