खाऱ्या पाण्याच्या टाकीत कमी खर्चात वेगळे जीव

बडोद्यात खाऱ्या पाण्याचे शोभिवंत जीव मिळतात मोजके आणि महाग. त्यापेक्षा ज्याची टाकी जुनी आहे, अशा ओळखीच्या माणसाला चेटो शेवाळ (टाकीचं पाणी स्वच्छ ठेवायला वाढवतात ते दोऱ्यांच्या गुंत्यासारखं हिरवं शेवाळ) कधी छाटणार ते विचारा. छाटलेलं बहुतेक जण फेकूनच देतात. त्या मूठभर हिरव्या गुंत्यात बारीक ब्रिटल स्टार (तारामाशाचे सडपातळ भाऊबंद), अ‍ॅम्फिपॉड आणि कोपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीतले इवलेसे जीव), नशीब असेल तर पिसांसारखा तुरा फुलवणारे फेदर डस्टर किडेही असतात.

१. शेवाळ त्याच टाकीच्या पाण्यात, झाकणाच्या डब्यात आणा. उन्हाळ्यात सकाळीच, गाडीच्या डिकीत मुळीच नको.
२. घरी पांढऱ्या टबात ओतून हलकं झटका. पांढऱ्यावर सगळं लगेच दिसतं. केसासारखे पाय वळवत कडेला सरकणारा ब्रिटल स्टार तर बघतच राहावा असा!
३. हवेच्या नळीला सैल गाठ मारून तुमच्या टाकीचं पाणी थेंबथेंब टबात सोडा, पाणी दुप्पट-तिप्पट होईपर्यंत. हे जीव क्षारतेतला अचानक फरक सोसत नाहीत, इथे घाई नको.
४. रात्री दिवे बंद करून, ड्रॉपरने दगडांच्या फटीत सोडा, नाहीतर मासे तिथल्या तिथे फस्त करतात.

तपकिरी, काचेसारखं पारदर्शक छोटं अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा, चिकटून राहणारा समुद्री प्राणी) दिसलं तर ते एप्टेशिया, टाकीभर पसरणारा उपद्रवी जीव. चिरडू नका, तुकड्यातून नवं उगवतं. तेवढं शेवाळ टाकून द्या. तुमच्या टाकीत तांब्याचं औषध वापरलेलं असेल तर यातलं काहीच जगणार नाही. आणि किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा समुद्रकाकडी उचलून आणू नका, वन्यजीव कायद्याने दोन्हींना संरक्षण आहे.