डोंगरउतारावरची माती किती खोल? खड्डा खणूनच बघा

चवथीच्या दिवसांत गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला कुठलाही डोंगर बघा, हिरवागार दिसतो. त्या हिरव्याला भुलून मी वाळपईपलीकडच्या आमच्या उतारावर गुरांसाठी नेपियर हे चाऱ्याचं उंच गवत लावलं. कांड्या विकणाऱ्याने चपलेच्या टोकाने माती उकरली आणि म्हणाला, "तांबडी आहे, मोकळी आहे, त्यात उतार. पाणी थांबायचा प्रश्नच नाही." मीही मान डोलावली. ऑगस्टमध्ये बुंधे पिवळे पडून कुजायला लागले. जे तगले ते जानेवारीत करपले. एकाच जागेवरचं गवत आधी पाण्याने मेलं, मग पाण्यावाचून. शिगम्याच्या आधी पहार घेऊन गेलो, तर हातभर खाली खण्णकन आवाज आला. खाली चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, लादी होती.

तरुणपणी मी दोन हंगाम मातीचं सर्वेक्षण करणाऱ्यांबरोबर खड्डे खणायला जायचो. म्हणजे हे सगळं मला ठाऊक होतं. बायको अजून ते काढते.

'खोल' आणि 'चांगल्या निचऱ्याची' हे शब्द आपण सैल वापरतो, पण मातीवाल्यांचं त्यांना माप आहे. आपल्याकडच्या सर्वेक्षणात 100 ते 150 सेंटीमीटरपर्यंत मुळांना अडवणारं काही नसेल तर जमीन खोल, 50 च्या आत असेल तर उथळ. अमेरिकेतल्या डोंगराळ कुरणांच्या नोंदींतही 'खोल' म्हणजे खडकापर्यंत 100 ते 150 सेंटीमीटरच. फरक इतकाच की तिथल्या उंच कुरणांत बर्फ वितळून पाणी हळूहळू मुरतं. आपल्याकडे सगळं चार महिन्यांत कोसळतं. आणि निचऱ्याबद्दल माझ्यासारखी चूक करू नका. उतारावरून पाणी पळालं म्हणजे निचरा झाला असं नव्हे, ती धूप. चांगला निचरा म्हणजे पाणी आत शिरतं, मुळं गुदमरतील इतकं तुंबत नाही आणि भसकन गळूनही जात नाही.

मृदा आरोग्य पत्रिका काढली असेल तर ती ठेवा, कामाची आहे. पण तिच्यावरच्या बारा गोष्टींत खोली नाही. त्या नमुन्याची माती वरच्या वीतभर थरातली असते. आम्ल किती, स्फुरद किती ते ती सांगेल; खाली चिरा आहे का ते सांगणार नाही.

खणायला दिवाळीच्या आसपासचे दिवस बरे. माती ओलसर असते, पिकास सहज जातो आणि रंग नीट दिसतात. उन्हाळ्यात खणलं तर हात सोलवटतात आणि सगळंच विटकरी दिसतं. जागा उताराच्या मधोमध घ्या. माथ्यावर माती वाहून गेलेली असते, पायथ्याशी ती साचलेली असते, दोन्हीकडे फसगत होते. शक्य असेल तर माथ्याला आणि पायथ्याला पहारीने एकेक भोक मारून ठेवा. आमच्या बाजूने गुरं चारत जाणाऱ्या एका म्हाताऱ्या धनगरबाबांनी मला एकदा सांगितलं होतं, "पावसात गुरं कुठं बसतात ते बघ, तिथं खण." गुरं ओलीत बसत नाहीत. माझा दुसरा खड्डा त्यांच्या सांगण्यावरून घेतला, आणि तोच चांगला लागला.

खड्डा मीटरभर रुंद, दीड मीटर लांब. जी भिंत वाचायची तिच्यावर ऊन पडलं पाहिजे, आणि तिच्या काठावर पाय ठेवायचा नाही, माती ढासळते. समोरच्या बाजूला उतरायला पायऱ्या ठेवा. वरची काळपट माती एका बाजूला, खालची तांबडी दुसऱ्या बाजूला. हे आळसाने एकत्र केलंत तर बुजवताना पस्तावाल.

आता भिंत. फावड्याने कापलेली भिंत गुळगुळीत दिसते, ती काही सांगत नाही. कोयत्याच्या टोकाने वरून खाली टोचत ढेकळं उचकटा, म्हणजे माती आपल्याच भेगांवर तुटते. माझ्या दुसऱ्या खड्ड्यात वरचे 20 सेंटीमीटर गडद तपकिरी होते आणि शिळ्या भाकरीच्या चुऱ्यासारखे सुटत होते. त्यात बारीक पांढऱ्या मुळांचं जाळं आणि गांडुळांची बिळं. त्याखाली तांबूस तपकिरी माती, तिचे कोनेदार खडे निघत होते, आणि उन्हात धरले की कडांवर मेणासारखी चकाकी. वरून पाण्याबरोबर उतरलेली चिकण माती तिथे बसते, तिची ती साय. गवताची मुळं 90 सेंटीमीटरपर्यंत सरळ गेलेली. साधारण 130 वर कुजका खडक लागला, नखाने खरवडता येईल असा. पहिल्या खड्ड्यात मात्र मुळं 45 वर पोचून आडवी वळली होती, चटईसारखी. मुळं आडवी वळलेली दिसली की टेप काढायचीही गरज नाही.

रंगाकडे जरा थांबून बघा. तांबडा आणि पिवळा रंग लोहाचा, हवा खेळते आहे असं सांगणारा. करडे, निळसर डाग आणि कुजकट वास आला तर तिथे पाणी तुंबतं. पण गोव्यात यात एक खोड आहे. जांभ्याच्या पोटात तांबडं, पिवळं, पांढरं असं चित्रविचित्र ठिपक्यांचं पट्टं असतं. ते फार जुन्या काळच्या झिजेचं असतं, आजच्या पाण्याचं असेलच असं नाही. तेव्हा ठिपके बघून घाबरू नका. त्यांच्या शेजारी जिवंत मुळं आहेत का ते बघा. असं ठिपक्यांचं मऊ पट्टं उघडं मात्र पडू देऊ नका. चिरेखाणीतून कापताना मऊ असलेला चिरा वाऱ्यावर कसा टणक होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. वरची माती धुपली की उतारावरही तेच होतं.

पोत हाताने कळतो. मूठभर माती ओली करून मळा, अंगठा आणि बोटामधून पट्टी काढत जा. अडीच सेंटीमीटरच्या आत तुटली तर पोयटा, म्हणजे मध्यम पोताची माती, किंवा रेताड. अडीच ते पाच गेली तर चिकण पोयटा, कुरणाला उत्तम. पाचच्या पुढे लोंबली तर चिकण माती. त्यातले खडे वेगळे काढून अंदाज घ्या. दहा घमेल्यांत तीन घमेली खडे निघाले, तर पाणी धरणारी माती सातच.

पाण्याची परीक्षा खड्ड्याशेजारी घ्यायची. फूटभर खोल भोक करा, दोनदा भरून मुरू द्या, तिसऱ्यांदा भरा आणि काठीवर खूण करून तासभर बसा. दोन-तीन ते पंधरा सेंटीमीटर उतरलं तर ठीक. सेंटीमीटरभरही उतरलं नाही तर खाली काहीतरी बंद आहे. आणि पाच मिनिटांत गडप झालं तर आनंदू नका, जांभ्यातल्या भेगेत किंवा पोकळीत गेलं असेल.

एवढा खटाटोप का, तर हिशेब असा: बिनखड्याचा मीटरभर पोयटा मुळांच्या कामाचं साधारण 150 मिलिमीटर पाणी धरतो. वाढतं गवत दिवसाला चार-पाच मिलिमीटर ओढतं. म्हणजे पाऊस गेल्यावर महिनाभर तरी ते तजेलदार राहील, पुढे ओढ कमी करत आणखी काही आठवडे काढेल. माझ्या पहिल्या जागेत 45 सेंटीमीटर, त्यातही खडे. पंधरवड्याचासुद्धा साठा नव्हता. आकाशातून तीन हजार मिलिमीटरच्या वर पडलं तरी भांडं केवढं आहे, तेवढंच उरणार.

जिथे माती 50 सेंटीमीटरपेक्षा कमी खोल, तिथे आता मी काही लावत नाही. तिथलं रानगवत राहू देतो, फक्त रानमोडीचं तण उपटतो आणि गुरं दाटीने सोडत नाही. 50 ते 100 मध्ये स्टायलो हा शेंगवर्गीय चारा चांगला येतो, आम्ल माती त्याला चालते. नेपियर फक्त 100 च्या पुढे, तोही समपातळीच्या ओळींत, आणि बांधावर गिरीपुष्पाची झाडं. चुना घालायचा तर पत्रिकेवरचा सामू, म्हणजे आम्लतेचा आकडा, बघून.

खड्डा बुजवताना तांबडी माती आधी, काळपट शेवटी, आणि मध्ये मध्ये पायाने दाबत. दोन दिवस उघडा ठेवणार असाल तर रात्री वर काटेरी फांद्या आणि फळ्या टाका. माझ्या पहिल्या खड्ड्यात शेजाऱ्याचं वासरू उतरलं होतं. त्याला पायऱ्यांवरून वर आणायला आम्ही चौघे होतो, आणि माझी वाचायची भिंत त्याने शिंगं घासून साफ केली होती.